लघवीची नळी घरी आल्यावर: दीर्घकाळ कॅथेटर असलेल्या माणसाची काळजी

गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळातून) किंवा म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळातून माणूस घरी येतो, तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर एवढेच लिहिलेले असते: कॅथेटर चालू. नळी कोणत्या मापाची, कधी बदलायची, ती काढून पाहण्याचा दिवस कोणता, हे बरेचदा नसते. मग पेडणे, सत्तरी, डिचोली कुठेही असो, घरातली सून, मुलगा किंवा सांभाळायला ठेवलेली बाई अंदाजाने सगळे करत राहते. लघवी गढूळ दिसली की अँटिबायोटिक, बाजूने गळली की जाड नळी, तुंबली की धावपळ. या माणसांना होणारा बराचसा त्रास चार कारणांनी होतो: नळी ओढली जाते, तुंबते, नको तेव्हा उघडली जाते आणि तिची तारीख विसरली जाते. चारही गोष्टी घरच्यांच्या हातातल्या आहेत, म्हणून इथे त्या बारकाईने दिल्या आहेत.

आधी नळी ओळखा

घरी वापरतात ती बहुतेक वेळा फोली कॅथेटर. मूत्राशयात गेलेल्या टोकाला लघवी आत येण्यासाठी दोन छिद्रे असतात आणि त्यांच्या खाली एक छोटा फुगा. फुग्यात पाणी भरलेले असते, म्हणून नळी आत टिकते. बाहेरच्या बाजूला तिला दोन फाटे असतात. रुंद फाटा पिशवीला जोडतात. अरुंद फाट्यावर रंगीत झडप असते, तो फुग्याचा. या झडपेला घरी कुणीही सिरिंज लावायची नाही.

झडपेचा रंग म्हणजे नळीचे माप. हिरवा १४, केशरी १६, लाल १८. ही फ्रेंच मापे आहेत; ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर व्यास, म्हणजे १६ नंबरची नळी साधारण सव्वापाच मिलिमीटर जाडीची. मोठ्या माणसाला रोजच्या वापरासाठी १४ किंवा १६ पुरते. जाड नळी चांगली वाहते हा समज चुकीचा आहे. जाड नळी मूत्रमार्गाच्या भिंतीवर दाबते, तिथला रक्तपुरवठा कमी करते आणि मूत्राशयाला जास्त चिडवते. १८च्या वरची नळी सहसा रक्ताच्या गाठी येत असतील किंवा प्रोस्टेटचे (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) ऑपरेशन नुकते झाले असेल तरच घालतात. फुग्याचेही तसेच. घरच्या वापराला १० मिलीचा फुगा पुरतो. ३० मिलीचा फुगा मूत्राशयाच्या तळावर ओझे टाकतो आणि त्याच्या खाली लघवी साचून राहते. फुग्यात निर्जंतुक पाणी भरतात. सलाईनचे मीठ बारीक वाहिनीत साखळले तर फुगा नंतर रिकामा होत नाही, आणि हवा भरली तर फुगा लघवीवर तरंगतो.

फार्मसीत नळी घेताना आणखी दोन गोष्टी बघा. बायकांसाठी मिळणारी आखूड नळी पुरुषाला कधीच चालत नाही. तिचा फुगा मूत्रमार्गातच फुगतो आणि मार्ग फाटतो. दुसरे, पाकिटावर लेटेक्स (रबर) आहे की संपूर्ण सिलिकॉन, हे वाचा. मुलामा दिलेली लेटेक्सची नळी साधारण २ ते ४ आठवडे चालते. संपूर्ण सिलिकॉनची नळी महाग असते, पण आतली पोकळी मोठी असते आणि ती १२ आठवड्यांपर्यंत ठेवता येते. ही जास्तीत जास्त मुदत आहे. कुणाची नळी त्याच्या कितीतरी आधी तुंबते. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी सिलिकॉनच घ्यावी.

नळी घातल्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा: तारीख, माप, कोणत्या पदार्थाची, फुग्यात किती मिली पाणी, पुढची तारीख. पाकिटावरचे स्टिकर वहीत डकवले तर उत्तम. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तारखेला लाल गोल करा, आणि ती तारीख चतुर्थीच्या सुट्ट्यांत येत असेल तर आठवडाभर आधीच बदलून घ्या. त्या दिवसांत नर्सही गावी असते आणि दुकानही बंद असते. घरात एक जादा नळी आणि दोन पिशव्या असू द्या. आपल्या पावसाळी दमटपणात पाकीट मऊ पडून फाटते, म्हणून ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सरळ ठेवा. घडी घालू नका, रबर लावून गुंडाळू नका, उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

पिशवी कुठे टांगायची

एकच नियम: पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता. लघवी उताराने वाहते. पिशवी वर गेली की तीच शिळी लघवी जंतूंसह परत आत येते.

चटईवर झोपणाऱ्या माणसाला हा उतारच मिळत नाही. नळी आहे तोपर्यंत त्याला खाटेवर झोपवा आणि पिशवी खाटेच्या चौकटीला हुकाने अडकवा, बाजूला वरखाली होणाऱ्या कठड्याला नको. खाट बुटकी असेल तर पिशवी स्वच्छ बालदीत उभी ठेवा. फरशीवर ठेवलेल्या पिशवीच्या तोंडाला फरशीची सगळी घाण लागते. गाडीतून इस्पितळात नेताना पिशवी मांडीवर घेऊन बसण्याची सवय सर्रास दिसते; ती मोडा. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करा आणि पायाशी राहू द्या. उठवताना, कूस बदलताना आधी पिशवी त्या बाजूला न्या, मग माणूस हलवा. उलट केले की नळीला हिसका बसतो.

फिरणाऱ्या माणसाला पायाला बांधायची ५०० ते ७५० मिलीची पिशवी सोयीची. पट्टे इतकेच आवळा की खाली एक बोट सहज जाईल. घट्ट पट्टा पायाचा रक्तप्रवाह अडवतो. पाय आलटून पालटून बदला. रात्री मोठी पिशवी हवी तर पायाच्या पिशवीच्या खालच्या तोंडाला जोडा. नळी आणि पिशवी यांचा मूळ सांधा उघडायचा नाही. हा सांधा जितक्या वेळा सुटेल तितक्या वेळा जंतूंना सरळ वाट मिळते.

पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करा. पूर्ण भरू दिली तर तिच्या वजनानेच नळी ओढली जाते. आधी साबणाने हात धुवा. त्या माणसासाठी वेगळे ठेवलेले मापाचे भांडे घ्या. पिशवीचे तोंड भांड्याला टेकू देऊ नका. बंद केल्यावर तोंड स्पिरिटच्या कापसाने पुसा, आकडा वहीत लिहा, भांडे धुऊन पालथे घाला आणि पुन्हा हात धुवा. एका घरात दोघांना नळी असेल तर भांडी दोन हवीत. पिशवी साधारण ५ ते ७ दिवसांनी बदलावी, फुटली किंवा घाण साचली तर लगेच. धुऊन, वाळवून तीच पुन्हा लावू नये.

नळी मांडीला बांधा

ही गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. मोकळी लोंबणारी नळी प्रत्येक हालचालीला मूत्रमार्गाच्या तोंडावर घासते. काही महिन्यांत पुरुषाच्या शिश्नाची खालची बाजू चिरत जाते. बायकांमध्ये मूत्रमार्ग आणि त्याचे तोंड सैल पडते. ही चीर आपोआप भरून येत नाही. बायकांची नळी मांडीच्या आतल्या बाजूला आणि पुरुषांची मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर चिकटवा. तयार पट्टी मिळाली तर ठीक, नाहीतर चिकटपट्टी आधी कातडीवर लावा, तिच्यावर नळी ठेवा आणि दुसऱ्या पट्टीने तिला गुंडाळून धरा. मांडी हलली तरी ताण येणार नाही इतकी ढील सोडा. जागा रोज थोडी सरकवा. घामाने पट्टी सुटते, म्हणून मार्च ते मे या काळात दिवसातून दोनदा तपासा.

रोजची स्वच्छता

साधा साबण आणि पाणी, दिवसातून एकदा, शिवाय शौचानंतर. एका हाताने नळी शरीराजवळ धरा म्हणजे ती ओढली जाणार नाही. दुसऱ्या हाताने शरीरापासून बाहेरच्या दिशेने, साधारण चार बोटे लांबीपर्यंत पुसा. परत आतल्या दिशेने फडके नेऊ नका. बायकांना पुढून मागे धुवा. पुरुषाची पुढची कातडी मागे सारून धुतली तर ती आठवणीने पुन्हा पुढे आणा. मागेच राहिली तर टोक सुजते, कातडी अडकते आणि काही तासांत ती तातडीची बाब होते.

डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडीन, पावडर यांतले काहीही रोज लावू नका. त्याने जंतू अडत नाहीत, कातडी मात्र सोलवटते. खोबरेल आणि व्हॅसलिनचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे कुठे चुरचुरले की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, पण तेल लेटेक्सला मऊ करून कमकुवत करते. नळी बदलताना पाण्यात विरघळणारी जेलीच वापरतात ती याचसाठी. अंघोळ तांब्याने किंवा शॉवरखाली घालायला हरकत नाही. टबात किंवा तळीत बसणे टाळा.

गढूळ लघवी आणि पस सेल्सचा रिपोर्ट

हा भाग दोनदा वाचावा असा आहे. नळी घातल्यापासून लघवीत जंतू येण्याची शक्यता दर दिवशी सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिना झाला की जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू असतातच. ते नळीच्या पृष्ठभागावर चिकट थर करून राहतात आणि त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून महिनोन्महिने नळी असलेल्या माणसाची लघवी लॅबमध्ये दिली की पस सेल्स (पूच्या पेशी) भरपूर येणार आणि कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) काहीतरी उगवणार. तो आजार नाही. ताप नाही, ओटीपोटात किंवा कमरेच्या वरच्या बाजूला दुखत नाही, माणूस नेहमीसारखा बोलतो-खातो आहे, तर वास आला किंवा गढूळपणा दिसला म्हणून अँटिबायोटिक घेऊ नये. घेतले तर दोन-तीन आठवड्यांत जंतू परत येतात, आणि या खेपेला त्या औषधाला न जुमानणारे. खरा ताप येईल तेव्हा तोंडाने घ्यायचे औषध उरत नाही. गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाचे ऑपरेशन ठरलेला माणूस, एवढ्यांच्या बाबतीत लक्षणाशिवायही उपचार लागतो.

नळी बदलण्याआधी दर वेळी एक गोळी घ्यायची पद्धतही सर्वांसाठी नाही. पूर्वी बदलताना ताप आलेला असेल तर डॉक्टर ठरवतील.

वास बहुधा पाणी कमी पडल्याचा असतो. दोन दिवस पाणी वाढवून पाहा.

खरे इन्फेक्शन असे ओळखा: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, थंडी भरून कापणे, कुशीत दुखणे, लघवीत नव्याने रक्त, किंवा म्हातारा माणूस अचानक भलतेच बरळू लागणे, सुस्तावणे. अशा वेळी घरात उरलेल्या गोळ्या सुरू करू नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती आधी बदलायची, नव्या नळीतून नमुना घ्यायचा आणि मग औषध, हाच क्रम बरोबर. जुन्या नळीतला नमुना मूत्राशयापेक्षा नळीतल्या थराचीच माहिती देतो. पिशवीतली लघवी बाटलीत ओतून दिलेला नमुना तर पूर्ण निरुपयोगी. तासन् तास उबेत पडलेल्या लघवीत काहीही वाढते. रोगाचे निदान चुकते ते बरेचदा इथेच. लॅबचा माणूस घरी आला तर त्याला हे सांगायला संकोचू नका.

पिशवी कधीकधी जांभळी होते आणि घरचे घाबरतात. बद्धकोष्ठ असलेल्या माणसाच्या आतड्यातल्या जंतूंनी बनवलेला एक पदार्थ लघवीत उतरतो, तिथले जंतू त्याचे निळे आणि लाल रंग करतात आणि ते पिशवीच्या प्लास्टिकला धरतात. माणूस बरा असेल तर पोट साफ करा, पिशवी बदला, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा.

नळी का तुंबते

दीर्घकाळ नळी असणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांची नळी कधी ना कधी खरपुडीने तुंबते. यामागे बहुतेक वेळा प्रोटियस नावाचा जंतू असतो. तो लघवीतला युरिया फोडून अमोनिया करतो. अमोनियाने लघवी अल्कधर्मी होते, आणि अशा लघवीत मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे फॉस्फेट विरघळून राहू शकत नाही. त्याचे खडे टोकाच्या छिद्रांवर, फुग्यावर आणि आतल्या पोकळीत बसतात. आधी वाळूसारखा खरखरीतपणा येतो, मग वाट बंद होते. याच खरपुडीचे तुकडे मूत्राशयात गळून पडले की त्यांचेच मुतखडे होतात, आणि खड्यात लपलेला प्रोटियस नव्या नळीवर पुन्हा चढतो. म्हणूनच नळी वारंवार तुंबत असेल तर मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्यावी. खडा काढल्याशिवाय हे चक्र थांबत नाही.

बदललेली नळी फेकण्यापूर्वी टोक बघा, बोटांत धरून चुरडा (हातमोजे घालून). खरखरीत लागते का? छिद्रे अर्धी बुजली आहेत का? वहीत नोंद करा. लागोपाठ तीन नळ्या किती दिवसांनी तुंबल्या ते मांडा. १८, २० आणि १७ दिवस असे आले तर पुढची नळी १४व्या दिवशी बदलायची, तुंबण्याची वाट न बघता. मध्यरात्री पावसात वाळपईहून बांबोळी गाठण्यापेक्षा आरोग्य केंद्रातल्या नर्सकडे दिवसाउजेडी बदलून घेणे किती सोपे! नळी काही दिवसांतच तुंबणाऱ्यांना संपूर्ण सिलिकॉनची नळी थोडी जास्त चालते, कारण तिची पोकळी मोठी.

पाणी हा सर्वांत साधा उपाय. दिवसाला दीड ते दोन लिटर लघवी पिशवीत यायला हवी आणि ती फिकट पिवळी हवी. त्यासाठी उन्हाळ्यात अडीच लिटरच्या आसपास पेये पोटात जावी लागतात, कारण घामात बरेच जाते. पावसाळ्यात तहान लागत नाही, म्हणून तेव्हा घड्याळ लावून प्यायला द्या. सकाळची पातळ पेज, ताक, सोलकढी, सार हे सगळे मोजणीत धरा. लिंबूपाणी विशेष उपयोगी: त्यातले सायट्रेट लघवीत उतरते आणि खडे बनायला उशीर करते. पण हे सगळे एकदम न पाजता दिवसभर विभागून द्या. हृदय किंवा किडनी कमजोर असणाऱ्यांना किती पाणी चालेल ते डॉक्टरांनी ठरवावे. किडनीच्या रुग्णाला शहाळे मनाने देऊ नका, त्यातले पोटॅशियम धोक्याचे ठरते. कुळथाचे पाणी भरपूर प्याल्याने हे खडे विरघळत नाहीत.

नळीतून औषधी पाणी घालून मूत्राशय धुण्याचा सल्ला बरेचजण देतात. इन्फेक्शन टाळण्यासाठी त्याचा उपयोग होत नाही आणि दर वेळी सांधा उघडावा लागतो. खास कारणाने डॉक्टरांनी लिहून दिले, नर्सने हातात सिरिंज देऊन शिकवले, तरच करा. जोराने ढकलून वाट मोकळी करू नका.

पिशवीत दोन-तीन तास थेंबही आला नाही, तर या क्रमाने बघा. नळी कुठे मुरगळली का, मांडीखाली दबली का, पँटच्या इलॅस्टिकमध्ये अडकली का? पिशवी गच्च भरली का? पिशवी वर आहे का? मग माणसाला कुशीवर वळवा किंवा बसवा. छिद्र मूत्राशयाच्या भिंतीला चिकटले असेल तर जागा बदलल्यावर सुटते. शौच कधी झाले होते? मळाने भरलेले मोठे आतडे मूत्राशयाच्या मागून दाबते, नळी अडवते आणि गळतीही वाढवते. एवढ्यानेही लघवी आली नाही आणि ओटीपोट टणक लागते किंवा दुखते, तर लगेच नळी बदलायला न्या. सकाळवर ढकलू नका.

बाजूने गळते तेव्हा

नळीच्या बाजूने लघवी आली की घरचे म्हणतात, नळी बारीक झाली, जाड घाला. ती सहसा चूक असते. मूत्राशय फुग्याला बाहेरची वस्तू समजून आवळतो आणि लघवी बाजूने ढकलतो. जाड नळी आणि मोठा फुगा घातला की आवळणे वाढते. आधी तुंबण्याची कारणे तपासा, पोट साफ करा, पट्टी नीट लावा. खूप कडक चहा-कॉफी काहींच्या मूत्राशयाला चिडवते. कमी करून बघा. तरीही पेटके येत असतील तर नळी आणखी बारीक करण्याचा विचार होतो किंवा मूत्राशय शांत करणारी गोळी देतात. त्यांतल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ आणि गोंधळलेपण येते, म्हणून त्या दुकानातून विचारून घ्यायच्या नाहीत.

नळी ओढली गेली, निघून आली

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेला माणूस रात्री नळी ओढतो. फुगा फुगलेलाच बाहेर आला तर मूत्रमार्ग फाटतो आणि रक्त येते. घरी परत घालण्याचा प्रयत्न नको, पडलेली नळी तर मुळीच नको. स्वच्छ कापड दाबून धरा, नळी सोबत घ्या (फुगा पूर्ण आहे का, तुकडा आत राहिला का, हे डॉक्टर बघतात) आणि निघा. पुढे अशा माणसाची पिशवी पायजम्याच्या आत, नजरेआड ठेवा.

बदलताना फुगा रिकामा झाला नाही तर नळी कापू नये. कापलेली नळी आत सरकते आणि फुगा तसाच राहतो. नर्स सिरिंज तशीच लावून काही मिनिटे थांबते, नाही जमले तर इस्पितळ.

वर्षे उलटतात तेव्हा

सतत रिकामा राहणारा मूत्राशय आकसतो, त्याची भिंत जाड आणि ताठ होते. ज्यांची मूत्राशय भरल्याची जाणीव शिल्लक आहे आणि ज्यांचा हात चालतो, त्यांना पिशवीऐवजी नळीच्या तोंडाला झडप लावून दर तीन-चार तासांनी सोडण्याची सोय असते. ती डॉक्टरांना विचारून ठरवायची. किडनीला सूज असेल किंवा मूत्राशय फार आवळत असेल तर चालत नाही. मनाने नळीला चिमटा लावून 'मूत्राशयाला सवय' लावणे मात्र बंद करा.

वर्षातून एकदा किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी आणि रक्तातले क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारी तपासणी) करून घ्या. वर चढणारा दाब आणि जंतू किडनीला हळूहळू, न दुखता खराब करतात. नळीची दहाएक वर्षे झाली की मूत्राशयाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कॅन्सरचा धोका वाढतो, कारण आतला थर सतत चिडलेला राहतो. बदलल्यानंतर दिवसभर लघवी गुलाबी दिसणे समजण्यासारखे. पण कोकमाच्या आगळासारखी लाल लघवी, गाठी, किंवा बदलण्याशी संबंध नसताना पुन्हा पुन्हा येणारे रक्त हे 'नळीमुळे असेल' म्हणून सोडू नका. दुर्बिणीने तपासणी मागून घ्या.

नळी आयुष्यभर लागणारच असेल तर ओटीपोटातून घालायच्या नळीविषयी विचारा. मूत्रमार्ग चिरत नाही, स्वच्छता सोपी जाते, व्हीलचेअरवर बसणे आणि नवरा-बायकोचे संबंध यांत अडचण कमी होते. जंतू, खडे आणि तुंबणे यांतून मात्र तीही सुटका करत नाही. पहिली बदली इस्पितळातच, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. ती निसटली तर वाट काही तासांत, कधी त्याहून लवकर मिटू लागते, म्हणून अर्धा दिवस थांबणे परवडत नाही.

१०८ ला फोन कधी करायचा

थंडी वाजून ताप आणि त्यासोबत सुस्ती किंवा थंडगार हातपाय, लघवी बंद आणि ओटीपोट टणक, गाठींसकट रक्त, पुढची कातडी मागे अडकून सूज. मणक्याला छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा झालेल्यांसाठी एक वेगळी सूचना: डोके फुटेल असे दुखणे, चेहरा लाल, घाम, नाडी मंद हे दिसले तर ब्लडप्रेशर वेगाने चढत असते आणि बहुतेक वेळा कारण तुंबलेली नळी असते. लगेच सरळ बसवा, आवळते कपडे सोडा, नळी मुरगळली का ते बघा, सोबतच फोन करा. जाताना नळीची वही, जादा नळी आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा विम्याचे कार्ड घ्या.

काढता येईल का?

प्रत्येक बदलीला हा प्रश्न विचारा. केवळ अंथरूण ओले होते म्हणून नळी ठेवणे योग्य नाही. पुरुषांना कंडोम कॅथेटर (शिश्नावर बाहेरून चढवून पिशवीला जोडतात ते), बायकांना डायपर आणि ठरावीक वेळी शौचालयाला नेणे हे कमी धोक्याचे आहे. माकडहाडाजवळ उघडी जखम असेल, लघवी अजिबात उतरत नसेल, किंवा शेवटच्या दिवसांत हलवणेच वेदनेचे असेल, तर नळीचे कारण खरे.

प्रोस्टेटमुळे अडकलेल्या माणसाला प्रोस्टेट सैल करणारी गोळी काही दिवस देऊन नळी काढून पाहतात. या गोळीने उभे राहताना चक्कर येते, म्हणून आधी खाटेवर बसवून मग उठवा. काढण्याआधी पोट साफ हवे. नळी सकाळी लवकर काढतात, म्हणजे अडचण आली तर दिवस हातात असतो. नेहमीएवढेच पाणी द्या, घटाघटा पाजू नका. प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात घ्या आणि वेळ लिहा. पहिल्या दिवशी चुरचुरणे आणि वारंवार थोडी होणे चालते. सहा तासांत झाली नाही, किंवा त्याआधीच पोट ताणले, तर परत न्या. झाली तरी सोनोग्राफीत मागे किती उरली ते बघून घ्या, कारण थेंब थेंब होत राहून मूत्राशय भरलेलाच असू शकतो. पहिला प्रयत्न फसला तर काही आठवड्यांनी दुसरा करता येतो.

मूत्राशयाची ताकदच गेली असेल पण हात चालतात, तर दिवसातून ४ ते ६ वेळा बारीक नळी घालून लघवी काढून टाकायची आणि नळी बाहेर, ही पद्धत कायमच्या नळीपेक्षा मूत्राशयासाठी बरी. १९७२ साली अमेरिकेतल्या जॅक लॅपिडिस या डॉक्टरांनी दाखवून दिले की त्यासाठी निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ हात पुरतात. दर वेळी ४०० ते ५०० मिलीच्या आत निघावी असे वेळापत्रक बसवा. त्याहून जास्त निघत असेल तर मधले अंतर कमी करा. शिकायला नर्सबरोबर दोन-तीन बैठका लागतात. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो, नंतर बोटाने जागा सापडते. नवरा, बायको किंवा मुलगी शिकली तरी चालते. युरोलॉजीच्या ओपीडीत जाल तेव्हा वही पुढे ठेवून याविषयी स्वतःहून विचारा, आणि रोजची नोंद आधीच झालेली असेल तर वेळापत्रक तिथेच बसवून मिळते.